पोलीस, पावती आणि परदेशी पाहुणे: गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे?

पेडणे-बार्देश पट्ट्यात घराच्या दोन खोल्या सीझनभर परदेशी माणसांना देणाऱ्यांसाठी. आम्हीही देतो. ऑक्टोबर लागला की पाहुणा येतो, स्कूटर घेतो, कुठेतरी अडवला जातो आणि संध्याकाळी अंगणात येऊन विचारतो, "मी पैसे दिले, ठीक केलं ना?" मग शेजारी विचारतात, सावंतवाडीची मावशी फोन करून विचारते. प्रश्न दरवर्षी तेच. मी वकील नाही, त्यामुळे केस अंगावर आली असेल तर म्हापशाच्या कोर्टाकडे बसणारा कोणीतरी गाठा. रोजच्या चिरीमिरीपुरतं मात्र इथं बरंच सापडेल.

पोलीस गोऱ्या माणसालाच जास्त अडवतात का?

अडवतात, पण कातडी बघून नव्हे, गाडी बघून. भाड्याची स्कूटर लांबून ओळखू येते: काळी पाटी, पिवळी अक्षरं. त्यावर उघडं डोकं आणि उघडी पाठ दिसली की शिपाई हात वर करणारच. डिसेंबर-जानेवारीत कळंगुट, हणजूण, शिवोली, मोरजी या वाटांवर तेच चालतं. दिल्लीचा पोरगा, हैदराबादचं जोडपं, बेळगावची गाडी, सगळे त्याच रांगेत असतात. फरक इतकाच की बेळगावकर गाडीतून उतरून बोलायला लागतो आणि परदेशी माणूस पाकीट काढतो.

स्थानिक स्कूटरवाला मात्र हेल्मेट नसतानाही बऱ्याचदा सुटतो. शिपाई त्याच्या काकाला ओळखतो, किंवा तो शिपायाच्या काकाला. या गोष्टीकडे पुढे परत यायचं आहे.

रस्त्यावर नेमकं घडतं काय?

आधी लायसन्स मागतात. मग गाडीचे कागद, विमा, पीयूसी. यातलं काहीतरी नसतंच. मग सुरू होतो वेळेचा खेळ. "कोर्टात यावं लागेल." "गाडी स्टेशनला जाईल." "साहेब येतील, थांबा." कोणी पैसे मागत नाही. उन्हात वीस मिनिटं उभं केलं की माणूस स्वतःच विचारतो, इथंच काही होईल का? या वाक्याचीच वाट बघितलेली असते. तोडपाणी सुरू होतं, आणि दंडाची जी रक्कम सांगितली होती तिच्या निम्म्यात किंवा पावपटीत प्रकरण मिटतं. पावती नाही.

यात पाहुण्याला वाटतं आपण घासाघीस जिंकलो. शिपायालाही तसंच वाटतं. हरते ती सरकारी तिजोरी, आणि हरतो तो पुढचा माणूस, ज्याच्याकडे सगळे कागद असूनही त्याला उन्हात उभं राहावं लागतं, कारण उभं केलं की पैसे निघतात हे आता ठाऊक झालेलं आहे.

चावी काढून घेणं हा एक जुना प्रकार. गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर लायसन्स दाखवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० नुसार तुमचं कर्तव्य आहे. काही परिस्थितीत कागद ताब्यात घेण्याचा (कलम २०६) आणि गाडी अडकवून ठेवण्याचा (कलम २०७) अधिकार पोलिसाला आहे. पण उभ्या स्कूटरची चावी उपटून खिशात टाकायची, असं कायद्यात कुठंही नाही. हे सांगताना आवाज चढवू नका. "चावी द्या, मी कुठं पळत नाही" एवढं पुरतं.

खरा दंड किती असतो?

तो माहीत नसतो म्हणून तर घासाघीस चालते. केंद्राने २०१९ मध्ये दंड वाढवले. गोव्याने ते बरेच दिवस टाळले आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू केले. त्या कायद्याप्रमाणे हेल्मेट नसेल तर १,००० रुपये, शिवाय तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. लायसन्स नसताना चालवलं तर ५,०००. विमा नसेल तर पहिल्यांदा २,०००, दुसऱ्यांदा ४,०००. लायसन्स नसलेल्याला गाडी दिली म्हणून मालकालाही ५,००० लागू शकतात. स्वतःची स्कूटर पाहुण्याला "घेऊन जा रे" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

दारू पिऊन चालवण्याचं प्रकरण वेगळं. १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि हे रस्त्यावर मिटवता येत नाही. कोर्टातच जावं लागतं. म्हणूनच त्याची मांडवली सगळ्यात महाग असते.

दिलेले पैसे दंडात गेले की खिशात, हे कसं ओळखायचं?

खरं चलन यंत्रातून येतं. त्यावर क्रमांक असतो, गाडीचा नंबर असतो, गुन्ह्याचं कलम असतं, आणि तोच क्रमांक परिवहनच्या ई-चलन संकेतस्थळावर दिसतो. जागेवर पैसे नसतील तर नंतर ऑनलाइन भरता येतात. "आत्ताच भरा नाहीतर गाडी सोडणार नाही" हे साध्या हेल्मेटच्या चलनाला लागू नाही. जागेवर दंड घेऊन गुन्हा मिटवण्याचा अधिकार सरकारने अधिसूचनेने ठरवून दिलेल्या अधिकाऱ्यांकडे असतो. शेजारी उभ्या होमगार्डने पैसे मागितले तर ते दंडाचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

अलीकडे यूपीआयवर मागणी होते. स्कॅन केल्यावर कोण्या माणसाचं नाव आलं, नाहीतर कोपऱ्यावरच्या गाड्याचं, तर काय समजायचं ते समजा. स्क्रीनशॉट ठेवा.

आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट आहे, तरी अडवलं. का?

परमिटचं पान उघडून बघा. आमच्याकडे येणाऱ्या अर्ध्याअधिक पाहुण्यांकडे फक्त मोटारीचा शिक्का असतो. ११० सीसीची अॅक्टिव्हा ही कायद्याच्या लेखी मोटारसायकलच, त्यामुळे मोटारीच्या शिक्क्यावर ती चालवणं म्हणजे लायसन्सशिवाय चालवणं. पोलिसाला हे पक्कं माहीत असतं, पाहुण्याला नसतं. परमिट त्यांच्याच देशात काढावं लागतं आणि मूळ लायसन्सही सोबत लागतं. इथं आल्यावर कोणी "परमिट करून देतो" म्हणाला तर तो कागद शोभेचा.

भारतीय माणसासाठी सोपं आहे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद कायद्याने चालतात. "झेरॉक्स चालत नाही, ओरिजिनल पाहिजे" हे ऐकलं तर फोन पुढे करा.

पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते. घ्यावी?

नको. खाजगी नोंदणीची गाडी भाड्याने देणं म्हणजे परवान्याशिवाय व्यावसायिक वापर, आणि त्याचा दंड १०,००० रुपयांपासून सुरू होतो. गाडीवाला सांगतो, "फ्रेंडची आहे म्हणा." पोलिसाने मित्राचं आडनाव विचारलं की संपलं. चिरीमिरीचं सगळ्यात खात्रीचं गिऱ्हाईक म्हणजे ही पांढरी पाटी, कारण इथं चूक खरी आणि मोठी असते.

परदेशी लोक या लाचेकडे कसं बघतात?

सगळे एकसारखे बघत नाहीत. अंगणात चहा पिताना ऐकलेलं सांगतो.

पहिल्या हिवाळ्यात आलेल्याला धक्का बसतो, आणि थोडी मजाही वाटते. पाचशे रुपये म्हणजे त्याच्याकडच्या एका बिअरचे पैसे. घरी पाठवायला किस्सा झाला. गणवेशातल्या माणसाबरोबर सौदा करून आलो, हे तो मासे स्वस्त मिळाल्यासारखं सांगतो. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. त्याची गंमत होते, आणि भाव मात्र आमच्यासाठी वाढतो. मासळी बाजारात जे झालं, घरभाड्यात जे झालं, तेच नाक्यावर.

दुसरे म्हणजे दरवर्षी येणारे, इंग्लंडचे, जर्मनीचे निवृत्त लोक. मान्सून संपला की येतात, होळीनंतर जातात. त्यांना सगळं माहीत असतं. कोणत्या वळणावर कोण उभा असतो, किती वाजता जेवायला जातो, कोणता हवालदार सरळ आहे. त्यांच्यात दोन तट. एक म्हणतो, हा इथला टोल आहे, भरा आणि चला. दुसरा तत्त्वाचा. पावतीशिवाय एक रुपया देणार नाही म्हणून तासभर उभा राहतो आणि बऱ्याचदा फुकट सुटतो, कारण शिपायालाही त्या तासात दुसरी चार गिऱ्हाइकं सोडावी लागतात.

रशियन आणि पूर्व युरोपातले लोक याला काही वेगळं समजतच नाहीत. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या २०२४ च्या निर्देशांकात १०० पैकी डेन्मार्कला ९०, ब्रिटनला ७१, भारताला ३८ आणि रशियाला २२ गुण होते. मोरजीत राहिलेला एक रशियन पाहुणा मला म्हणाला होता, तुमचा पोलीस हसून बोलतो, ही सुधारणा आहे.

आणि चौथे आपलेच. पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडातल्या स्विंडनला किंवा लंडनला गेलेले, ख्रिसमसला किंवा चतुर्थीला घरी येणारे. यांची चिडचिड सगळ्यात जास्त. तिथं पाच वर्षांत कोणी पैसे मागितले नाहीत, आणि इथं स्वतःच्या गावच्या तिठ्यावर मागतात. त्यांना परदेशी म्हटलं तरी राग येतो, आणि "तू तर इथलाच, जमवून घे" म्हटलं तरी येतो.

एक गोष्ट ब्रिटिश पाहुण्यांना कोणीच सांगत नाही. त्यांच्या देशाचा २०१० चा लाचविरोधी कायदा परदेशात दिलेल्या लाचेलाही लागू होतो, आणि "काम लवकर व्हावं म्हणून थोडं दिलं" ही सबब त्यात चालत नाही. पाचशे रुपयांसाठी लंडनमध्ये कोणी खटला भरणार नाही हे खरं. पण "इथं सगळं चालतं" असं छाती काढून सांगणाऱ्याला हे ऐकवलं की तो जरा वेळ गप्प बसतो.

म्हणजे लाच फक्त बाहेरचेच देतात? आपण नाही?

हा प्रश्न मला कोणी विचारत नाही. मीच घातला आहे.

नाक्यावर अडवलं की आपण काय करतो? फोन काढतो. पंच, नगरसेवक, आमदाराचा माणूस, पोलिसातला चुलतभाऊ, कोणीतरी असतोच. "बाब, आपलाच माणूस आहे, सोड त्याला." फोन शिपायाच्या कानाला लावला जातो, तो "होय होय" म्हणतो, आणि आपण निघतो. दंड भरला नाही, लाचही दिली नाही, म्हणून आपण स्वच्छ. निवडणुकीला त्या पंचासाठी दारोदार फिरतो, त्याच्या मुलीच्या लग्नाला आहेर करतो, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलने २०२० मध्ये आशियातल्या देशांची पाहणी केली. त्यात आधीच्या वर्षभरात सरकारी सेवा घेणाऱ्या भारतीयांपैकी ३९ टक्के लोकांनी लाच दिल्याचं सांगितलं, आणि ४६ टक्के लोकांनी ओळख वापरल्याचं. ओळखीचा आकडा लाचेच्या वर आहे. परदेशी माणसाकडे ओळख नसते म्हणून तो नोट देतो. त्याला नोट दिसते आणि तो म्हणतो गोवा भ्रष्ट आहे. आपल्याला नोट दिसत नाही म्हणून आपण म्हणतो, हे टुरिस्टांनी बिघडवलं. झारखंडहून आलेला बांधकामावरचा मजूर दोन्हींत बसत नाही. त्याच्याकडे ना नोट ना ओळख. त्याला काय भोगावं लागतं ते पर्वरीच्या एखाद्या साइटवर जाऊन विचारा.

कॅमेरे आल्यावर फरक पडला का?

पडला. मेरशी जंक्शनवर २०२३ मध्ये कॅमेऱ्याने गुन्हा टिपून चलन पाठवणारी सिग्नल यंत्रणा बसली. यंत्राशी तोडपाणी होत नाही. गंमत म्हणजे ओरड वाढली ती आपल्याच लोकांची. चलन घरी आलं की आमदाराच्या माणसाचा फोन कोणाला लावायचा? त्याआधी २०१७ मध्ये पोलिसांनी 'ट्रॅफिक सेंटिनल' योजना काढली होती: नियम मोडणाऱ्याचा फोटो नागरिकांनी पाठवायचा, गुण मिळवायचे, बक्षीस घ्यायचं. तेव्हाही गावागावात फोटो काढणाऱ्यांवरच लोक धावून गेले.

अंगावरचे कॅमेरेही आता दिसतात. कॅमेरा चालू असलेला अधिकारी समोर असेल तर पाहुण्याला निवांत चलन घ्यायला सांगा.

पोलिसाचा व्हिडिओ काढावा का?

रस्त्यावर कामावर असलेल्या पोलिसाचं चित्रण करायला कायद्याची बंदी नाही. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तर पोलीस ठाणं हे शासकीय गुपित कायद्याखाली 'निषिद्ध स्थळ' नाही, म्हणून तिथं चित्रण केलं तर त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही असं म्हटलं. गोवा त्याच उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत येतो.

व्हिडिओने कारवाई होते, आणि लवकर होते. २०२३ मध्ये दिल्लीत एका कोरियन माणसाकडून पावती न देता पाच हजार रुपये घेणारा वाहतूक पोलीस व्हिडिओ पसरल्यावर निलंबित झाला. पण फोन तोंडासमोर धरून "से इट ऑन कॅमेरा" म्हणणं वेगळं. त्यातून सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा अंगाला चिकटायला वेळ लागत नाही. छातीच्या खिशात फोन ठेवून आवाज घेतला तरी पुष्कळ.

"ड्रग्ज केस घालीन" अशी धमकी मिळाली. आता?

इथं चिरीमिरी संपते आणि खंडणी सुरू होते. घाबरायला कारण आहे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात चरस १०० ग्रॅमपर्यंत आणि गांजा एक किलोपर्यंत 'अल्प प्रमाण' धरतात. १ किलोच्या वर चरस किंवा २० किलोच्या वर गांजा म्हणजे 'व्यापारी प्रमाण', आणि तिथं जामीन फार अवघड. परदेशी माणसाचा पासपोर्ट अडकला की खटला संपेपर्यंत तो इथंच.

पण त्याच कायद्यात बचावही आहेत. अंगझडती घेण्याआधी, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती देण्याचा तुमचा हक्क आहे, हे पोलिसाने सांगायलाच हवं (कलम ५०). झडतीला पंच, म्हणजे बाहेरचे साक्षीदार, हवेत. अटक झालेल्या परदेशी नागरिकाला आपल्या दूतावासाला कळवण्याची मागणी करता येते, ती १९६३ च्या व्हिएन्ना करारामुळे. रात्री दोन वाजता हरमलच्या वाटेवर हे कोणाला आठवणार, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून पाहुण्याला घरमालकाचा नंबर पाठ पाहिजे. आपण जागे राहून फोन उचलायचा, जागा विचारायची, आणि ११२ लावायचा. आपला कॉल नोंदला गेला की समोरच्याचा आवाज खाली येतो.

परदेशी लोकांच्या मनातला संशय हवेतून आलेला नाही. २००८ मध्ये हणजूणला ब्रिटिश मुलगी स्कार्लेट कीलिंगचा मृत्यू पोलिसांनी आधी बुडून झाल्याचं म्हटलं होतं. आईने लावून धरल्यावर दुसरं शवविच्छेदन झालं आणि शेवटी २०१९ मध्ये उच्च न्यायालयात एकाला शिक्षा झाली. २०१० मध्ये एक इस्रायली ड्रग विक्रेता पोलिसांशी असलेल्या संबंधांबद्दल बोलतो आहे अशा चित्रफिती बाहेर आल्या, अमली पदार्थविरोधी विभागातले पोलीस निलंबित झाले, विधानसभेत सभागृह समिती बसली. दरवर्षी येणाऱ्यांना ही दोन्ही प्रकरणं तोंडपाठ असतात. आपण विसरलो.

घरात परदेशी पाहुणा ठेवला आहे. फॉर्म सी साठी ठाण्यात काही द्यावं लागतं का?

काही नाही. फॉर्म सी म्हणजे परदेशी पाहुणा ठेवल्याची घरमालकाने द्यायची माहिती. तो ऑनलाइन भरायचा, पाहुणा आल्यापासून २४ तासांत. एकदा नोंदणी करून घेतली की पासपोर्ट आणि व्हिसाचा फोटो चढवायचा, झालं. परदेशी नागरिकांबाबतचा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून नवा आहे (१९४६ चा जुना गेला), पण घरमालकाची जबाबदारी तीच. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने बहुतेक वेळा १४ दिवसांत स्वतःची नोंदणीही करायची असते. ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्डवाल्यांना ती लागत नाही.

पैसे मागितले जातात ते फॉर्म न भरणाऱ्यांकडे. भाडं रोख घ्यायचं, नोंद करायची नाही, आणि मग गणवेशवाला दारात आला की "चहा घ्या साहेब" म्हणत पाकीट सरकवायचं, हे आमच्या वाड्यावर सर्रास चालतं. मग तो साहेब दर महिन्याला चहाला येतो.

पासपोर्टच्या पडताळणीला आलेल्या पोलिसाला किती देतात?

पोलीस पडताळणीला वेगळी फी नाही. साध्या ३६ पानी पासपोर्टचे १,५०० रुपये भरलेत, त्यात सगळं आलं. "पेट्रोलचे" म्हणून मागतात, लोक शुभकार्य समजून देतात. मुलगा कॅनडाला चालला आहे, कशाला अपशकुन! देऊ नका, अहवाल अडत नाही. अडला तर अर्जाची स्थिती संकेतस्थळावर तारखेसकट दिसते, तिथूनच तक्रार करा.

शॅक, टॅक्सी, पार्टीवाल्यांचा हप्ता?

आहे, सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यावर लिहायला त्या धंद्यातला माणूस हवा. एवढंच सांगतो: रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायला २००० सालच्या ध्वनी नियमांनी बंदी आहे. वागातोरला पहाटे तीनला ढोल वाजतो, तो कोणालाच ऐकू येत नसेल असं धरून चालू.

एमएच ०७ ची (सिंधुदुर्गातली) गाडी पत्रादेवीच्या नाक्यावर अडवतात. गोव्यात यायला परवानगी लागते का?

खाजगी गाडीला लागत नाही. दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपर्यंत नोंदणी न बदलता चालवता येते. महाराष्ट्रातली पीयूसी गोव्यात चालते. "गोव्याची पीयूसी पाहिजे" हे ऐकून पैसे दिलेले बांद्याचे कितीतरी लोक मला माहीत आहेत. परत जाताना डिकीत बाटल्या असतील तर तो पोलिसांपेक्षा अबकारी खात्याचा विषय. दुकानातून बिल आणि परमिट घ्या.

लाच देणाराही गुन्हेगार असतो का?

असतो. २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. घेणाऱ्याला तीन ते सात वर्षं. सुटका एकच: जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला किंवा पोलिसांना कळवलं, तर गुन्हा नाही. आधी कळवून, सापळ्यासाठी दिली तरी नाही.

तक्रार केल्याने काही होतं का?

कुठे करता त्यावर आहे.

दक्षता खात्याचा लाचलुचपतविरोधी विभाग पणजीत आहे. मागणी झाली पण पैसे अजून दिले नाहीत, अशा वेळी तिथं जाण्यात खरा अर्थ. ते मागणीचा आवाज तपासतात, नोटांना पावडर लावून देतात, पंच सोबत ठेवतात. घेणाऱ्याने नोटा हातात घेतल्या आणि हात सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. पण ही व्यवस्था ठाण्यात दहा-वीस हजार मागणाऱ्यासाठी. नाक्यावरच्या पाचशेसाठी सापळा लावायला वेळच नसतो. शिवाय तक्रारदाराला वर्षानुवर्षे साक्षीला यावं लागतं. व्हिसा संपलेला पाहुणा कुठून येणार?

पोलिसांच्या गैरवर्तनासाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात दिलेल्या आदेशातून ते आलं. साध्या कागदावरचा अर्ज चालतो.

लोकायुक्तही आहे. फक्त अपेक्षा बेताची ठेवा. न्यायमूर्ती प्रफुल्ल कुमार मिश्रा २०२० मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांनीच सांगितलं की आपण सरकारला २१ अहवाल दिले आणि एकावरही कारवाई झाली नाही. ते तर म्हणाले होते की हे पदच रद्द करा.

सगळ्यात लवकर हलतं ते वाहतूक विभागाच्या अधीक्षकांकडे गेलेलं लेखी पत्र, ज्यात वेळ, जागा आणि नेमप्लेटवरचं नाव आहे. निलंबन होईलच असं नाही, पण तो शिपाई काही दिवस त्या वळणावर दिसत नाही.

पाहुण्याने पैसे देऊन टाकलेत आणि आता पश्चात्ताप होतोय. काय करायचं?

पैसे कोणत्या दिवशी दिले ते बघा आणि तिथून सात दिवस मोजा. एका कागदावर लिहून घ्या: तारीख, वेळ, नेमकी जागा (पुलाच्या कोणत्या बाजूला, कोणत्या दुकानासमोर), नेमप्लेटवरचं नाव, नाव झाकलं असेल तर तसं, पोलिसांच्या गाडीचा नंबर, किती मागितले, किती दिले, रोख की यूपीआय, सोबत कोण होतं. स्क्रीनशॉट जोडा. त्याची स्वतःची चूक असेल, हेल्मेट नव्हतं, परमिटवर शिक्का नव्हता, तर तीही लिहायला लावा. लपवलेली चूकच पहिल्यांदा बाहेर येते आणि सगळी तक्रार खोटी ठरते. इंग्रजीत लिहिलं तरी चालतं. दोन प्रती काढा, एक पणजीला लाचलुचपतविरोधी विभागात द्या आणि दुसरीवर पोच म्हणून शिक्का मारून घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर त्याच दुपारी स्पीड पोस्टने पाठवा, पावती पाहुण्याच्या पासपोर्टमध्ये ठेवा.